स्वस्त बनलेली गोळी वाटेत महाग का होते?

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, काही जीवरक्षक औषधांवरचा तर पूर्ण माफ झाला. निर्णय चांगला आहे. पण हिशेब मांडून बघा. ज्या पाकिटाची करासह किंमत ११२ रुपये होती, ते १०५ ला आले. महिन्याला हजार रुपयांची औषधे घेणाऱ्याचे बासष्ट रुपये वाचले. त्याच गोळीच्या, त्याच मात्रेच्या दोन ब्रँडमधला फरक मात्र चौपट-पाचपट असू शकतो, आणि त्याला या कपातीने हात लागलेला नाही. औषध महाग होण्याचे मोठे कारण करात नाही. कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर रुग्णाच्या हातात पडेपर्यंत गोळीचे काय होते, तिथे ते आहे. त्याबद्दल थोडे तपशिलात लिहीत आहोत.

इतर कोणत्याही खरेदीत माणूस वस्तू पाहतो, भाव विचारतो, परवडत नसेल तर पुढच्या दुकानात जातो. औषधात ब्रँड निवडतो डॉक्टर, विकतो केमिस्ट आणि पैसे मोजतो रुग्ण. मोजणाऱ्याला निवडता येत नाही आणि निवडणाऱ्याला बहुतेक वेळा किंमत माहीतच नसते. म्हणून पन्नास कंपन्या एकच गोळी बनवत असल्या तरी स्पर्धेने भाव पडत नाही. उलट ज्या कंपनीचे एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन प्रचार करणारे प्रतिनिधी, जास्त फिरतात, तिची महाग गोळी जास्त खपते.

सरकार किमती बांधून देते, मग अडचण काय, असे विचारले जाते. राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत आणि त्यांची कमाल किंमत राष्ट्रीय औषध दर नियंत्रण प्राधिकरण ठरवते. कशी ठरवते ते पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या दर नियंत्रण आदेशानुसार, ज्या ब्रँडचा बाजारहिस्सा एक टक्का किंवा अधिक आहे, त्या सगळ्यांच्या दुकानदाराला पडणाऱ्या किमतीची साधी सरासरी काढतात आणि तीत दुकानदाराचे १६ टक्के मिळवतात. समजा दहा गोळ्यांचे पाच ब्रँड दुकानदाराला १२, १८, २५, ४० आणि ५५ रुपयांना पडतात. बेरीज १५०, सरासरी ३०, त्यावर १६ टक्के म्हणजे कमाल किंमत ३४ रुपये ८० पैसे, वर कर. ५५ वाल्याला खाली यावे लागते, एवढा फायदा खरा. पण १२ रुपयांत गोळी देऊनही कंपनी टिकते, हे ज्या हिशेबात दिसते, त्याच हिशेबातून कमाल किंमत जवळपास तिप्पट निघते. महागडे ब्रँडच सरासरी वर ओढतात.

१९९५ च्या आदेशात पद्धत वेगळी होती. कच्चा माल, प्रक्रिया आणि वेष्टन यांचा खर्च धरून त्यावर जास्तीत जास्त शंभर टक्के, म्हणजे गोळी बनवायला सहा रुपये लागत असतील तर करापूर्वी कमाल बारा. त्यात खर्चाचे आकडे फुगवण्याची सोय होती आणि यादी ७४ मूळ औषधांपुरतीच होती, हे मान्य. तरीही किंमत ठरवताना खर्चाकडे पाहायचेच नाही, ही २०१३ ची भूमिका आम्हाला चुकीची वाटते. शिवाय बांधलेली किंमत दरवर्षी १ एप्रिलला घाऊक किंमत निर्देशांकाबरोबर हलते. २०२२ साली या मार्गाने १०.७७ टक्के आणि २०२३ साली १२.१२ टक्के वाढीची मुभा मिळाली. औषध कारखान्याचा खर्च मात्र या निर्देशांकातल्या डिझेल-पोलादाच्या चालीने चालत नाही.

यादीत नसलेल्या औषधांना तर सुरुवातीची किंमत काय ठेवावी याचे सहसा बंधनच नाही. वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका, एवढेच. दरवर्षी पूर्ण दहा टक्के वाढवले तर सव्वासात वर्षांत किंमत दुप्पट होते, आणि तेही पूर्ण कायदेशीर. यादी औषधाच्या नावाबरोबर मात्रा आणि प्रकारही नोंदवते, त्यामुळे यादीतल्या गोळीत दुसरे एखादे औषध मिसळून केलेली जोडगोळी बऱ्याचदा त्या कमाल किमतीच्या कक्षेबाहेर जाते.

आता सगळ्यात कमी चर्चा होणारी गोष्ट. आपल्याकडे ‘जेनेरिक’ म्हणून ज्या गोळ्या मेडिकलमध्ये मिळतात, त्यांतल्या बऱ्याच ‘ट्रेड जेनेरिक’ असतात. कंपनी त्यांच्यासाठी एमआर ठेवत नाही, डॉक्टरांकडे जात नाही, थेट स्टॉकिस्टला माल देते. प्रचाराचा खर्च वाचतो आणि गोळी खरोखरच स्वस्त पडते. पण पाकिटावरची छापील किंमत नामांकित ब्रँडच्या आसपास ठेवलेली असते. समजा दुकानदाराला पाकीट ९ रुपयांना पडले आणि छापील किंमत ६० आहे. दुकानदार ‘वीस टक्के सूट’ म्हणून ४८ ला देतो. रुग्ण समाधानाने घरी जातो. त्याने खरेदीच्या पाचपटीहून जास्त पैसे दिलेले असतात आणि बिलात काहीही बेकायदा नसते. यादीतल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ आणि घाऊक विक्रेत्याला ८ टक्के, यादीबाहेरच्या ब्रँडवर साधारण २० आणि १०, असा व्यापाराचा रिवाज आहे. ट्रेड जेनेरिकमध्ये हा रिवाजही उरत नाही.

यावर उपाय करून पाहिलेला आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये कर्करोगाच्या, यादीबाहेरच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याची मर्यादा ३० टक्के ठरवली गेली आणि अनेक ब्रँडच्या छापील किमती एका फटक्यात निम्म्याखाली आल्या. २०२१ मध्ये ऑक्सिमीटर, बीपीचे यंत्र, ग्लुकोमीटर अशा पाच उपकरणांवरही मर्यादा आली. कंपनीने माल पहिल्यांदा विकला ती किंमत आणि छापील किंमत यांच्यामध्ये किती अंतर असावे, एवढेच बांधायचे. कारखान्याचा खर्च शोधत बसावे लागत नाही. हाच नियम रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा आणि अपस्माराच्या सगळ्या औषधांना लावा, ही आमची पहिली मागणी आहे. लहान गावातल्या दुकानाचे भाडे आणि फार्मासिस्टचा पगार निघेल इतका नफा त्यात राहिला पाहिजे. तीस-पस्तीस टक्क्यांत तो राहतो.

‘डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहायची सक्ती करा’ हे ऐकायला सोपे वाटते. वैद्यक परिषदेच्या नियमांत २०१६ पासून तसे कलम आहे, सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावे असेही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम अधिक कडक केले आणि त्याच महिन्यात स्थगितही केले. पण नुसत्या सक्तीने निवड डॉक्टरांच्या टेबलावरून मेडिकलच्या काउंटरवर सरकते, आणि तिथे ज्या पाकिटात जास्त नफा तेच पुढे येते. म्हणून नफ्याची मर्यादा आधी आणि नावाची सक्ती नंतर, हा क्रम उलटा करून चालणार नाही.

दुसरीकडे, चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल तर औषध नियम, १९४५ मधला नियम ६५ चा पोटनियम ११-अ फार्मासिस्टला शेड्यूल एच आणि एक्स मधल्या (म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या) औषधाऐवजी दुसरे पाकीट देऊ देत नाही, आत तेच औषध असले तरीही. सरकारच्या स्वस्त जेनेरिक औषधांच्या योजनेतल्या जनऔषधी केंद्रातल्या फार्मासिस्टलाही हाच नियम अडवतो. २००८ मध्ये सुरू झालेली ही योजना आज पंधरा हजारांवर केंद्रांपर्यंत गेली आहे, तिथली किंमत आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसते आणि माल प्रयोगशाळेत तपासून येतो. पण चिठ्ठी ब्रँडची असेल तर केंद्राच्या दारातून रुग्णाला परत फिरावे लागते, नाहीतर फार्मासिस्टने जोखीम घ्यावी लागते. हा पोटनियम बदलून ‘तेच औषध, तीच मात्रा, तोच प्रकार असेल तर रुग्णाला सांगून, बिलावर नोंद करून बदल करता येईल’ असे झाले पाहिजे.

डॉक्टर मंडळींची गुणवत्तेबद्दलची शंका खोटी नाही. तोंडाने घ्यायच्या, पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांसाठी मूळ औषधाइतकेच रक्तात उतरते हे दाखवणारी जैवसमतुल्यता चाचणी आपल्याकडे एप्रिल २०१७ पासून परवान्यासाठी सक्तीची झाली. त्याआधी परवाना मिळालेल्या, चाचणी न झालेल्या गोळ्या बाजारात आहेतच. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला निकृष्ट ठरलेल्या बॅचची यादी जाहीर करते, त्यात लहान कंपन्यांबरोबर मोठी नावेही येतात. महाग म्हणजे चांगले, हे त्या यादीवरून सिद्ध होत नाही, आणि स्वस्त म्हणजे तितकेच चांगले हेही न तपासता म्हणता येत नाही. जुन्या परवान्यांनाही ठराविक मुदतीत चाचणी लावणे हाच मार्ग आहे.

तोवर रुग्णाने काय करावे? चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. डॉक्टरांना ‘यातले स्वस्त चालेल का’ असे थेट विचारावे, यात संकोचण्यासारखे काही नाही. किंमत पाकिटाची न पाहता एका गोळीची काढावी, कारण एक ब्रँड दहाच्या, दुसरा चौदाच्या आणि तिसरा पंधराच्या पाकिटात येतो. दर नियंत्रण प्राधिकरणाच्या ‘फार्मा सही दाम’ आणि जनऔषधीच्या ‘सुगम’ या अ‍ॅपवर नाव टाकले की तुलना होते. सुट्या गोळ्या घेतल्या तर दुकानदाराला पाकिटाच्या प्रमाणातच पैसे घेता येतात. फक्त कापून घेताना बॅच नंबर आणि मुदत असलेला तुकडा आपल्याकडे ठेवावा, आणि बिल घ्यावेच.

चूक होते ती नाव जुळवताना. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि एस-अ‍ॅम्लोडिपिन २.५ यांचा परिणाम सारखा असतो, पण आकडा पाहून कोणी एस-अ‍ॅम्लोडिपिनच्या दोन गोळ्या घेतल्या तर मात्रा दुप्पट होते. रक्तदाबाच्याच टेल्मिसार्टन ४० च्या पुढे ‘एच’ असेल तर आत लघवी वाढवणारे आणखी एक औषध आहे. मधुमेहाची मेटफॉर्मिन साधी आणि ‘एसआर’ (औषध हळूहळू सोडणारी) यांत फरक आहे, एसआर गोळी चावून किंवा चुरा करून घ्यायची नसते. आणि काही औषधे अशी की रक्तातले प्रमाण थोडे हलले तरी बिघडते: अपस्मारासाठी फेनिटोइन आणि कार्बामाझेपिन, थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन, रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन, लिथियम, डिगॉक्सिन, अवयव प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस. यांचा ब्रँड स्वस्तासाठी आपल्या मनाने बदलू नये. बदललाच तर डॉक्टरांना सांगून, पुन्हा रक्ततपासणी करून. रक्तदाबाची गोळी बदलल्यावर दोन ते चार आठवड्यांत एकदा बीपी मोजून घेतले की शंका फिटते.

इन्शुलिनचे वेगळे सांगावे लागेल, कारण तिथे बचत मोठी आहे आणि धोकाही. पेनमध्ये घालायच्या काडतुसांपेक्षा साध्या मानवी इन्शुलिनची कुपी बरीच स्वस्त पडते आणि अनेक रुग्णांना ती पुरेशी असते. आपल्याकडची नेहमीची कुपी १० मिलिलिटरची, दर मिलिलिटरला ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट. दिवसाला २० युनिट लागणाऱ्याला वीस दिवस जाते. उघडल्यानंतर साधारण चार आठवड्यांत संपवायची असते, त्यामुळे कमी मात्रा लागणाऱ्याने मोठा साठा उघडून ठेवू नये. या कुपीला लाल टोपणाची, ४० युनिटच्या खुणांची सिरिंज लागते. काडतुसातले इन्शुलिन १०० युनिटचे असते आणि त्या ताकदीसाठी नारिंगी टोपणाची सिरिंज असते. १०० चे इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत ओढले तर अंगात २५ युनिट जातात आणि साखर धोकादायक खाली येते. उलट केले तर दहाऐवजी चारच जातात. कुपी आणि सिरिंज एकाच वेळी, आकडा जुळवून घ्यावी. फ्रीज नसेल तर कुपी मडक्यात गार ठेवावी, बर्फाला चिकटू देऊ नये, कारण गोठलेले इन्शुलिन वितळवून वापरता येत नाही.

हे झाले खासगी दुकानाचे. पण ज्याला आयुष्यभर रोज गोळी लागते, त्याच्यासाठी खरा स्वस्त मार्ग सरकारी खरेदीचाच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०२४ पासून राज्यातल्या सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत लागू झाली, पण ती मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांची योजना आहे. पक्षाघात झाल्यावर उपचाराचे पैसे मिळतात, तो टाळणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी दरमहा खिशातून घ्यावी लागते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळायला हवी, आणि कपाटात असली तर मिळतेही.

कपाट भरलेले कसे ठेवायचे हे तमिळनाडूने दाखवले आहे. १९९४ मध्ये तिथे वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले. निविदा दोन लिफाफ्यांची असते: पहिल्यात कारखान्याची पात्रता, ती मान्य झाली तरच दुसरा, दराचा लिफाफा उघडतात. माल जिल्ह्याच्या गोदामात येतो, पण लगेच वाटला जात नाही. बॅचचे नमुने कंपनीचे नाव झाकून, सांकेतिक क्रमांक घालून प्रयोगशाळांना जातात, आणि अहवाल आल्यावरच माल मोकळा होतो. प्रत्येक रुग्णालयाला पासबुक दिलेले असते. त्यात वर्षाची रक्कम जमा असते, जितके औषध उचलले तितकी वजा होते, त्यामुळे न लागणारे औषध माथी मारता येत नाही. पाकिटावर सरकारी पुरवठ्याचा छाप असतो, त्यामुळे ते बाजारात विकता येत नाही. राजस्थानने याच धर्तीवर महामंडळ काढून २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना चालवली. आपल्या राज्यातही २०२३ मध्ये स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. चौकट आली आहे, आत ही शिस्त यायला हवी.

त्यातही मागणीच्या हिशेबातली एक चूक वर्षानुवर्षे होत राहते. समजा एका तालुक्यात गेल्या वर्षी मेटफॉर्मिनच्या ९०,००० गोळ्या वाटल्या गेल्या, म्हणून यंदा दहा टक्के वाढवून ९९,००० मागितल्या. पण गेल्या वर्षी तीन महिने साठाच नव्हता. ९०,००० गोळ्या नऊ महिन्यांत संपल्या, म्हणजे महिन्याची गरज १०,००० आणि वर्षाची १,२०,०००. मागणी २१,००० ने कमी पडली आणि पुन्हा दोन महिने कपाट रिकामे राहणार, हे एप्रिलमध्येच ठरून गेले. योग्य हिशेब असा: झालेला खप भागिले साठा असलेले महिने, गुणिले बारा, अधिक माल यायला लागणाऱ्या काळाची गरज, अधिक तीन महिन्यांची शिल्लक, वजा हातातला साठा. नियमित गोळ्या मिळू लागल्या की सोडून गेलेले रुग्ण परत येतात, त्यांची भर वेगळी.

दुसरी चूक पैशांची. कंपनीचे बिल वर्षभर अडकले तर पुढच्या निविदेत ती व्याज धरून दर लावते किंवा येतच नाही. अहवाल चांगला आल्यापासून तीस दिवसांत पैसे, ही अट पाळली तर दर आपोआप उतरतात. तिसरी, मुदत. माल गोदामात येताना त्याच्या एकूण मुदतीचा किमान तीन चतुर्थांश काळ शिल्लक असलाच पाहिजे. आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या छताखाली औषधे ठेवणे म्हणजे प्रयोगशाळेतला चांगला अहवाल वाया घालवणे.

उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम नोव्हेंबर २०१७ पासून सुरू झाला, त्यात आपले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे सुरुवातीपासून होते. उपचाराचा क्रम सर्वांसाठी ठरलेला: पहिल्यांदा अमुक गोळी, आटोक्यात नाही आले तर तमुक. त्याचा किमतीवरही परिणाम होतो. हजार रुग्ण नोंदले आणि सगळे अ‍ॅम्लोडिपिन ५ वर असतील तर महिन्याला ३०,००० गोळ्या, हे कागद-पेन्सिलने सांगता येते. प्रत्येक डॉक्टर वेगळे औषध लिहीत असेल तर ना अंदाज बांधता येत, ना एकगठ्ठा खरेदीचा दर मिळत.

पेटंटच्या महागड्या औषधांबद्दल थोडेच. १९७० च्या कायद्याने भारताने औषधाला उत्पादन-पेटंट (बनवण्याच्या पद्धतीवरचे नव्हे, खुद्द औषधावरचे) नाकारले आणि त्यावर इथला स्वस्त औषधांचा उद्योग उभा राहिला. २००५ पासून ते पेटंट पुन्हा आले, तरी कलम ३(ड) मुळे जुन्याच औषधाला किरकोळ बदल करून नवे पेटंट घेता येत नाही. २०१२ मध्ये कर्करोगाच्या सोराफेनिबवर सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला औषध बनवू देणारा) दिला गेला आणि महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० वर आला. क्षयरोगाच्या बेडाक्विलिनवरच्या पेटंटची मुदत लांबवणारा अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. क्षयरोगातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी त्याला हरकत घेतली होती. अशी हरकत पेटंट मिळण्याआधी कोणालाही घेता येते. हा हक्क कोणत्याही व्यापार करारात गमावता कामा नये.

शेवटी आपल्याकडे एक विनंती. पावसाळ्यात आपण धरणांतला साठा रोज छापता आणि लोक तो आवर्जून वाचतात. सरकारी गोदामांतल्या औषधसाठ्याची नोंद ‘ई-औषधी’ या संगणकप्रणालीत होत असते. ती आरोग्य विभागाकडून मिळवून महिन्यातून एकदा, आपल्या जिल्हा आवृत्तीत, दहा औषधांचा साठा किती दिवस पुरेल एवढाच तक्ता छापावा. सुरुवातीची दहा नावे अशी घेता येतील: अ‍ॅम्लोडिपिन ५, टेल्मिसार्टन ४०, मेटफॉर्मिन ५००, ग्लिमेपिराइड १, अ‍ॅटोर्वास्टॅटिन १०, अ‍ॅस्पिरिन ७५, लेव्होथायरॉक्सिन ५०, फेनिटोइन १००, साल्ब्युटामॉलचा इनहेलर आणि मानवी इन्शुलिनची ४० युनिटची कुपी. ज्या औषधासमोर तीसपेक्षा कमी दिवस असतील, तो आकडा ठळक छापावा.

आपले,
काही फार्मासिस्ट व सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक